फोंड्यातल्या सीएंकडून करून घेतलेला निवृत्तीचा हिशेब : काय मिळालं, काय राहिलं

डोंबिवली सोडायची हे आमचं दोघांचं ठरलं होतं. पुढे फोंडा, सावंतवाडी की बेळगाव, एवढाच प्रश्न होता. ह्यांचं मूळ घर अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंडा तालुक्यातलं, सावईवेऱ्याचं. माझं माहेर डिचोलीचं. त्यामुळे मन गोव्याकडेच धावत होतं, पण नुसत्या ओढीवर पेन्शन पुरत नाही. कर किती जाईल, घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं, आजारपणाचं काय, महिन्याचा खर्च किती, हे सगळं एकत्र मांडून देणारं माणूस हवं होतं. नातेवाइकांच्या ओळखीतून फोंड्याला तिस्काजवळ ऑफिस असलेल्या एका सीएंकडे गेलो. 'निवृत्तीचा हिशेब' म्हणून ते वेगळं काम घेतात. फी साडेसात हजार, रीतसर पावती.

त्यांचं नाव इथे देत नाही. सीएंच्या जाहिरातीवर त्यांच्या संस्थेच्या नियमांची बंधनं असतात आणि माझ्या लिखाणाला कुणी जाहिरात समजू नये, असं त्यांनीच सांगितलं. पण गोव्यात परत यायच्या विचारात असलेली आमच्या वयाची बरीच माणसं मला माहीत आहेत. अशा सल्ल्यात काय असायला हवं ते त्यांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या बैठकीत त्यांनी सल्ला दिलाच नाही. कागद मागितले. माझी पेन्शनची ऑर्डर, ह्यांचं ईपीएसचं (भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनचं) पत्र, बँक आणि पोस्टाचे व्याजाचे दाखले, डोंबिवलीच्या फ्लॅटचा करारनामा, मेडिक्लेमची पॉलिसी, वर्षभराची वीजबिलं. इथपर्यंत ठीक. मग म्हणाले, "बाई, लग्नाच्या नोंदणीचा उताराही आणा." मी शाळेत शिकवायचे हे कळल्यापासून ते मला बाईच म्हणतात. आयकराच्या हिशेबाला लग्नाचा उतारा कशाला, हे आम्हाला उमगलं नाही. पण आमचं लग्न १९८८ साली फोंड्यात झालं, निबंधकांपुढे सह्या झालेल्या, त्यामुळे उतारा मिळायला अडचण आली नाही. त्याचं महत्त्व दुसऱ्या बैठकीत कळलं.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला. चार रकाने : डोंबिवली, फोंडा, सावंतवाडी, बेळगाव. पहिली ओळ आयकराची. चारही रकान्यांत एकच आकडा, शून्य. "आयकर केंद्राचा. राज्य बदललं म्हणून स्लॅब बदलत नाही," ते म्हणाले. मग आमचेच आकडे घेऊन त्यांनी ते दाखवून दिलं. माझी पेन्शन वर्षाला ५ लाख ५२ हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माझे १५ लाख आहेत, त्यांवर ८.२ टक्क्यांनी १ लाख २३ हजार व्याज. पेन्शनवर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. ती काढली की राहतात ६ लाख. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला पूर्ण सूट आहे, म्हणजे कर नाही. ह्यांची ईपीएसची पेन्शन महिन्याला तीन हजार. बाकी बचत योजनेतल्या ३० लाखांचं २ लाख ४६ हजार आणि मुदतठेवींचं १ लाख ८० हजार व्याज. तिथेही कर नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्याला कर लागत नसल्याचा फॉर्म (तेव्हाचा १५एच) भरून दिला की बँक नि पोस्ट टीडीएसही कापणार नाही.

हे ऐकून मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला. आमच्या ओळखीत किती जण 'टॅक्स वाचतो' म्हणून राज्य बदलायच्या गोष्टी करतात! भारतात राज्याचा वेगळा आयकर नाही, एवढी साधी गोष्ट कुणी त्यांना समजावून सांगत नाही. आमच्यासारख्या पेन्शनवरच्या जोडप्याला नव्या प्रणालीत ८०डी (आरोग्य विम्याचा हप्ता) आणि ८०टीटीबीच्या (ठेवींचं व्याज) वजावटी मिळत नाहीत, पण करच शून्य असेल तर त्यांची गरजही उरत नाही.

मग त्यांनी लग्नाचा उतारा पुढे ओढला. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५अ मध्ये याची दखल आहे. अशा जोडप्याचं पगार-पेन्शन सोडून बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे व्याज, घरभाडं, धंद्याचा नफा, मालमत्ता विकून झालेला नफा, दोघांत निम्मंनिम्मं विभागून दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचं असतं. आमचं डोंबिवलीत इतकी वर्षं विवरणपत्र भरणाऱ्याने हे कधी विचारलंच नव्हतं. सीएंनी एक उदाहरण कागदावर करून दाखवलं. एका निवृत्त गृहस्थांना व्याज आणि भाड्याचं मिळून २० लाख उत्पन्न आहे, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर, बायकोला काहीच नाही. एरवी त्यांना नव्या प्रणालीत २ लाख कर आणि त्यावर सेस, म्हणजे २ लाख ८ हजार भरावे लागतील. तेच उत्पन्न कलम ५अ प्रमाणे १०-१० लाख विभागलं तर दोघांचाही कर शून्य. मी दोनदा बेरीज तपासली. बरोबर आहे.

मात्र डोंबिवलीत लग्न झालेलं जोडपं इथे येऊन भाड्याने राहिलं म्हणून त्यांना हे लागू होत नाही. तुमच्या लग्नाला कोणता कायदा लागू आहे त्यावर ते ठरतं. ज्यांचं लग्न गोव्यात नोंदलं गेलं आणि जे मुंबई-पुण्याला नोकरीला गेले, त्यांनी मात्र जाणकाराला विचारावंच. वारसाहक्काच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात, गोमंतकीयाची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली तरी तिला गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असं म्हटलं आहे. मृत्युपत्र करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. आपल्याला मनाजोगता अर्धाच वाटा देता येतो.

आमच्या आजच्या उत्पन्नावर या विभागणीने एक रुपयाचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा म्हटल्यावर, आणि या सेवेचे पैसे माझ्या दृष्टीने तिथेच वसूल झाले.

फ्लॅट १९९६ चा, ह्यांच्या एकट्याच्या नावावर. आज ८५ लाख येतील असं दलाल म्हणतात. २००१ पूर्वी घेतलेल्या घराला १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, ते सुमारे ७ लाख निघालं. २३ जुलै २०२४ पासून नियम बदलला. आता महागाई निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के कर, किंवा त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी जुन्या पद्धतीने निर्देशांक लावून २० टक्के, यांतला कमी असेल तो. सीएंनी दोन्ही करून पाहिलं. निर्देशांक ३७६ धरला तर ७ लाखांचे २६ लाख ३२ हजार होतात आणि कर ११ लाख ७३ हजारांवर जातो. निर्देशांकाशिवाय नफा ७८ लाख, पण कर ९ लाख ७५ हजार. 'निर्देशांक गेला, आम्ही लुटलो गेलो' असं सगळीकडे ऐकलं होतं. जुन्या, बक्कळ भाव आलेल्या फ्लॅटच्या बाबतीत उलटंही होतं. म्हणून आपापला आकडा मांडल्याशिवाय कुणी मत बनवू नये.

आता ७८ लाख एकट्या ह्यांच्या उत्पन्नात धरले तर एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर जातं आणि १० टक्के अधिभार लागतो. सेससकट ११ लाखांच्या वर. विभागणी झाली तर प्रत्येकी ३९ लाख, दोघंही पन्नासच्या आत, अधिभार नाही. ते सुमारे एक लाख वाचतात. त्याहून मोठी गोष्ट कलम ५४ईसीच्या रोख्यांची. घर विकल्यापासून सहा महिन्यांत त्यांत पैसे गुंतवले तर तेवढ्या नफ्यावर कर नाही, पण मर्यादा माणशी ५० लाख. एकट्याच्या नावावर ७८ लाखांपैकी २८ लाख बाहेर राहतात. दोघांत विभागले की ३९-३९ दोन्ही मर्यादेत बसतात. फक्त ते पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज सव्वापाच टक्के आणि तेही करपात्र. हेही त्यांनी लपवलं नाही. वर हेही सांगितलं की विक्रीच्या वर्षी एकूण उत्पन्न १२ लाखांच्या पुढे गेल्यामुळे एरवीची करसूट त्या वर्षापुरती जाते, आणि भांडवली नफ्यावर ती सूट तशीही मिळत नाही.

कलम ५४ खाली त्याच नफ्यातून गोव्यात घर घेतलं तरी कर वाचतो. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत विकत घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षं. आम्ही हेच करायचं मनात धरून गेलो होतो. कुर्टीला एक नवा फ्लॅट पाहूनही ठेवला होता. सीएंनी त्याच्या किमतीखाली एकेक ओळ वाढवत नेली. मुद्रांक शुल्क, जे गोव्यात किमतीच्या टप्प्यांप्रमाणे चढतं. नोंदणी शुल्क, जे इथे टक्केवारीत आहे. महाराष्ट्रात ते ३० हजारांवर थांबतं, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात ही ओळ नसतेच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नसेल तर ५ टक्के जीएसटी. फर्निचर, ग्रिल, इन्व्हर्टर. बेरीज पाहून ह्यांनी पाणी मागितलं.

त्यांचा सल्ला होता : घेऊ नका, विकूही नका. डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने द्या, फोंड्यात भाड्याने राहा, एक अख्खा पावसाळा काढा, मग ठरवा. डोंबिवलीला भाडं २१ हजार येतं, घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजा होतात, उरलेलं आमच्या शून्य करात सामावून जातं. फोंड्याला आम्ही १६ हजार देतो. घर घ्यायला लावून कमिशन खाणारे पुष्कळ भेटतात. साडेसात हजारांत 'थांबा' म्हणणारा भेटला, याचं मला मोल वाटतं.

सावईवेऱ्याच्या मूळ घराबद्दलही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिथे ह्यांचे चुलतभाऊ, दोन आत्या, त्यांची मुलं, सगळ्यांची नावं आहेत आणि इथल्या कायद्यात प्रत्येक लग्न झालेल्या वाटेकऱ्याच्या जोडीदाराचीही सही लागते. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढून त्यांनी नावं वाचून दाखवली. "वाटणी झाल्याशिवाय छपरावर कौल घालायलाही पैसे काढू नका," हे त्यांचं वाक्य ह्यांना लागलं, पण मला पटलं. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत वाटणी करायची कोर्टातली केस वर्षानुवर्षं चालते, ती आमच्या हयातीत संपेल या भरवशावर घरटं मांडता येत नाही.

आरोग्याच्या ओळीवर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो योग्यच होता. महाराष्ट्रात राहिलो तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं ५ लाखांचं संरक्षण. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पण त्यासाठी गोव्यात किमान पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. सत्तरीनंतर केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड, ५ लाख, उत्पन्नाची अट नाही. हे आज त्रेसष्ट वर्षांचे. म्हणजे डोंबिवली सोडली की महाराष्ट्राची योजना गेली, गोव्याची मिळायला हे अडुसष्ट होतील. मधली पाच वर्षं सरकारी छत्र नाही. मूळचे गोंयकार असलो तरी कागदावर वास्तव्य मोजलं जातं.

म्हणून त्यांनी दोन गोष्टी करायला लावल्या. एक, वास्तव्याचा पुरावा पहिल्या दिवसापासून साठवायचा. भाडेकरार नोंदवून, पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज देऊन, आधारवरचा पत्ता बदलून, मतदारयादीत नाव घालून. दुसरी, मेडिक्लेम बंद करायचा विचारही नाही. आमचा मूळ हप्ता ५२ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी जायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकला, त्यामुळे नऊ हजारांवर वाचले. शिवाय काही कंपन्या शहरांचे झोन करून हप्ता ठरवतात, मुंबई परिसर महाग झोनमध्ये असतो. पत्ता बदलला तर हप्ता कमी होऊ शकतो, पण मग मुंबईत उपचार घेतले तर खर्चातला काही टक्के वाटा आपल्याला उचलावा लागेल का, ते पॉलिसीत वाचून घ्यायला सांगितलं. आम्ही पत्ता बदलला, हप्ता मुंबईच्याच झोनचा ठेवला. मुलगी ठाण्याला आहे, मोठं दुखणं आलं तर तिच्याकडेच जाणार.

इथवर मी त्यांना शंभरपैकी पंचाण्णव देईन. महिन्याच्या खर्चाच्या ओळींना मात्र पन्नासच्या वर देता येत नाहीत.

वाहतुकीच्या ओळीत त्यांनी फक्त पेट्रोल लिहिलं होतं आणि गोव्यात ते महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त म्हणून फोंड्याच्या रकान्यात कमी रक्कम. प्रत्यक्षात आमची जुनी गाडी, एमएच ०५ ची, आणायची की नाही हाच प्रश्न होता. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर कल्याणच्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणून इथे पुन्हा नोंदणी आणि रस्ता कर. नऊ वर्षांच्या गाडीला ते सोसत नाही, म्हणून तिथेच विकली. मग इथे काय? डोंबिवलीत खाली उतरलं की रिक्षा. गोव्यात ओला-उबर नाही, गोवामाईल्स आहे, पण फोंड्यात हवी तेव्हा गाडी मिळेलच असं नाही. दिवसा बस बऱ्या, संध्याकाळनंतर विरळ होतात. ह्यांना तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) जावं लागतं, पंचवीसेक किलोमीटर. डॉक्टर उत्तम, आणि तिथे गेल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण जाऊन-येऊन टॅक्सी आणि तिथे थांबण्याचे पैसे मिळून जी रक्कम होते, तिच्यात डोंबिवलीत महिनाभर रिक्षा झाली असती. एसटीत महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट आहे, ती सवलतही सीमेपलीकडे लागू नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या हिशेबात ही ओळ पहिल्या पाचांत असायला हवी.

पावसाळ्याची ओळच नव्हती. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत कपाटातल्या रेशमी साड्यांवर पांढरी बुरशी धरली. माझ्या आईची पैठणी होती त्यात. ती उन्हात घालायला ऊनच नव्हतं. खोली कोरडी ठेवायला एसी ड्राय मोडवर चालवावा लागला, पुस्तकांसाठी कपाटात बल्ब. सीएंनी डोंबिवलीच्या युनिटना गोव्याचा दर लावून वीजबिल काढलं होतं. दर इथे खरंच कमी आहे, वीज सरकारी खात्याची आहे, पण युनिट तेवढेच राहतील हे गृहीत चुकलं. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर लागतो, त्याच्या बॅटरीचा खर्च वेगळा.

घरकामाच्या बाईंचा पगार त्यांनी डोंबिवलीपेक्षा कमी धरला होता. मला तेवढ्यात कुणी मिळालं नाही, आणि मिळावं असंही वाटत नाही. काम तेच आहे.

स्वयंपाकघराच्या बाबतीत तर त्यांनी चारही रकान्यांत एकच किराणा टाकला होता. इथे मी स्वतः लिहून ठेवलेलं सांगते. फलोत्पादन महामंडळाचा गाडा आमच्या घराजवळ आहे. सकाळी पाटीवर खडूने भाव लिहिलेले असतात, कांदे, बटाटे, टोमॅटो, भेंडी बाजारापेक्षा बरेच स्वस्त. सरकारी अनुदानाचा माल, बहुतेक बेळगावहून आलेला. रांगेत आमच्याच वयाची माणसं, प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी. उशीर झाला की पालेभाजी संपते, मग मार्केटात दुप्पट. भाजीवर आमचा खर्च डोंबिवलीपेक्षा कमी झाला आहे. नारळ मात्र २०२५ मध्ये इतके महागले की हुमण (माशांची आमटी) करताना हात आखडायचा. आणि मासे! इथे येऊन मासे स्वस्त खाऊ, हा समज सोडून द्यावा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते, तेव्हा इसवणाकडे, म्हणजे सुरमईकडे, बघवत नाही. एरवीही पर्यटनाच्या हंगामात चांगला मासा हॉटेलांना जातो. बांगडे आणि तारले मात्र भरपूर लागले की मिळतात, ताजे, डोळे चकचकीत, आणि त्या दिवशी डोंबिवलीची आठवण येत नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव सकाळी दारात येतो. हा आनंद कोणत्या रकान्यात टाकायचा ते सीएंनाही सांगता आलं नाही, पण आमच्या निर्णयात तो आहे.

हे सगळं घेऊन मी त्यांच्याकडे परत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, वाहतूक, पावसाळा आणि मदतनीस अशा तीन ओळी वाढवून तक्ता नव्याने करून दिला. वेगळे पैसे घेतले नाहीत. पहिल्या तक्त्यात सगळ्या खर्चांना वर्षाला ६ टक्के वाढ धरली होती. मेडिक्लेमचा हप्ता वयाच्या टप्प्याला एकदम उडी मारतो, हे दाखवल्यावर ती ओळही त्यांनी वेगळी केली. नव्या तक्त्यात फोंडा आणि डोंबिवली यांच्या महिन्याच्या खर्चात जेमतेम दोन हजारांचा फरक उरला, फोंड्याच्या बाजूने. भाज्या, बाजार आणि मोठी इस्पितळं पाहता बेळगाव त्याहून स्वस्त पडत होतं. सावंतवाडी जवळजवळ बरोबरीत. तिथले गंभीर आजारी तसेही बांबोळीलाच आणले जातात. पैशाने पाहिलं तर बेळगाव. आम्ही फोंड्यात राहिलो ते ह्यांच्या बहिणी इथे आहेत, देवळात नाटकं होतात, मराठी पेपर दारात येतो आणि बेळगावला आम्ही कुणाला ओळखत नाही म्हणून.

आणखी दोन तक्रारी आहेत. तक्ता इंग्रजीत होता. मला वाचता येतो, पण ह्यांच्या थोरल्या बहिणीला समजावताना मला सगळं पुन्हा मराठीत लिहावं लागलं. अशा सल्ल्याचा कागद घरातल्या सगळ्यांना वाचता आला पाहिजे, विशेषतः जिच्यावर पुढे एकटीने सांभाळायची वेळ येऊ शकते तिला. आणि ते कलमांचे क्रमांक भराभर बोलतात. हे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे; १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात क्रमांक वेगळे आहेत. म्हणून ऐकताना क्रमांकांऐवजी नियम लिहून घ्यावा.

कुणी जावं? ज्यांचं लग्न गोव्यात नोंदलेलं आहे आणि बाहेरच्या शहरात घर आहे, त्यांनी घर विकायच्या आधी नक्की जावं. इसार घेतल्यावर गेलात तर बऱ्याच वाटा बंद झालेल्या असतील. आखातातून परतणाऱ्यांसाठीही ते काम करतात, पण त्याचा मला अनुभव नाही. ज्यांची फक्त पेन्शन आहे, विकायला-घ्यायला काही नाही, त्यांना साडेसात हजार खर्च करायची गरज नाही. त्यांनी आयकराची काळजी सोडून मेडिक्लेम आणि वास्तव्याचे पुरावे एवढंच नीट पाहावं.

जाताना लग्नाचा उतारा, फ्लॅटचा मूळ करारनामा, २००१ च्या मूल्याचा दाखला असेल तर तो, पॉलिसीची सगळी पानं आणि गेल्या वर्षाची घरखर्चाची वही न्या. वही नसेल तर निदान तीन महिन्यांचा खर्च लिहून न्या, कारण तो भाग त्यांच्या अंदाजावर सोडू नये. फोनवर ते सल्ला देत नाहीत. मार्चअखेर आणि विवरणपत्रांच्या दिवसांत त्यांना वेळ नसतो. आम्हाला नोव्हेंबरमध्ये, हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो त्याच आठवड्यात, शांतपणे दीड तास मिळाला.